शिळा नसलेल्या थडग्यातली ॲनी मूर

१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरचे स्थलांतरितांचे नवे केंद्र त्या दिवशी सुरू झाले आणि तिथल्या वहीत पहिले नाव चढले ते ॲनी मूर या आयरिश मुलीचे. कॉर्कची पोर. सोबत अँथनी आणि फिलिप हे दोन धाकटे भाऊ. २० डिसेंबरला ‘नेवाडा’ आगबोटीने क्वीन्सटाउन, म्हणजे आजचे कोव्ह बंदर, सोडले होते आणि नाताळ या भावंडांनी समुद्रावरच काढला होता. केंद्राचे प्रमुख जॉन वेबर यांनी ॲनीच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. वर्तमानपत्रांनी बातमी दिली, तिचा पंधरावा वाढदिवसही नेमका त्याच दिवशी आल्याचे छापले. आईवडील मॅथ्यू आणि ज्युलिया आधीच न्यूयॉर्कला येऊन मन्रो रस्त्यावरच्या ३२ क्रमांकाच्या इमारतीत राहत होते. मुले त्यांच्याकडे गेली आणि वर्तमानपत्रांपुरती ॲनी तिथेच संपली.

१९५४ साली केंद्र बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसे तिथून अमेरिकेत शिरली. त्या सगळ्यांतले पहिले नाव म्हणून ॲनी मूर आयरिश-अमेरिकन घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. १९९३ मध्ये तिचे दोन पुतळे उभे राहिले, एक कोव्हला आणि एक एलिस बेटावर. दोन्ही जीन राइनहार्ट या शिल्पकर्तीचे. कोव्हच्या पुतळ्याचे अनावरण आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी केले. पण ही मुलगी पुढे कुठे राहिली, कोणाशी लग्न केले, कुठे पुरली गेली, हे कोणाला ठाऊक होते? सगळ्यांना वाटत होते की ठाऊक आहे, आणि तीच या शोधातली सगळ्यात मोठी अडचण होती.

प्रचलित कथा अशी. ॲनी न्यूयॉर्कहून पश्चिमेला गेली. आयर्लंडचा थोर पुढारी डॅनियल ओ’कॉनेल याच्या वंशातल्या म्हणवणाऱ्या पॅट्रिक ओ’कॉनेलशी तिने लग्न केले, टेक्सासमध्ये संसार थाटला आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ ट्रामखाली सापडून ती गेली. टेक्सासमध्ये ॲनी मूर ओ’कॉनेल नावाची बाई खरोखर होती, तिचा अपघातही खरा होता आणि तिचे वंशजही होते. आपली आजी तीच ‘पहिली ॲनी’ असे ते मनापासून मानत. समारंभांना त्यांना सन्मानाने बोलावले जाई. पुस्तकांत, माहितीफलकांवर तीच हकिकत होती. एवढ्या साऱ्या वर्षांत कोणी टेक्सासच्या ॲनीची जन्मनोंद किंवा जनगणनेतली ओळ काढून पाहिली नव्हती. मला यात त्या कुटुंबाचा दोष दिसत नाही. घरात ऐकलेले माणूस खरेच धरतो. दोष आहे तो ही कथा छापणाऱ्यांचा आणि गिरवणाऱ्यांचा, कारण तपासणे हे त्यांचे काम होते.

मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधक एका माहितीपटासाठी स्थलांतरितांची कागदपत्रे चाळत असताना टेक्सासच्या ॲनीची नोंद त्यांच्यासमोर आली. जनगणनेत तिचे जन्मस्थान इलिनॉय लिहिले होते. म्हणजे ही बाई अमेरिकेतच जन्मलेली. जी कधी आयर्लंडहून आलीच नाही, ती एलिस बेटावर पहिली उतरणार कशी? एका रकान्यातल्या एका शब्दाने सगळी कथा कोसळली. २००६ मध्ये स्मोलेन्याक यांनी खऱ्या ॲनीचा पुरावा आणून देणाऱ्याला एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले, आणि काही आठवड्यांत गाठ सुटली.

इथून पुढे हे प्रकरण आयरिश पूर्वज शोधणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण अडथळे नेहमीचेच होते.

पहिला अडथळा नावाचा. कॉर्कमध्ये मूर काय थोडे होते? आणि ॲनी, ॲना, ॲन, हॅना ही नावे त्या काळी दर दोन-चार घरांत. न्यूयॉर्कच्या नोंदींत ‘ॲनी मूर’ शोधायला बसलात तर शेकड्यांनी सापडतील आणि त्यातली आपली कोणती हे सांगणारे काहीच हाती नसेल. दुसरा अडथळा त्याहून मोठा: ही मुलगी लग्नानंतर मूर राहिलीच नव्हती. दफनभूमीच्या कार्यालयात ‘मूर’ विचारले असते तर तिथल्या माणसाने पाने उलटून नाही म्हणून सांगितले असते, आणि ते खरेच असते.

म्हणून माग काढला गेला तो तिचा नव्हे, तर धाकट्या भावाचा. मुलगा आडनाव बदलत नाही. मतदान, नोकरी, नागरिकत्व यासाठी त्याला सरकारदरबारी जावे लागते, कागद करावे लागतात. न्यूयॉर्क शहराचे तेव्हाचे अभिलेख आयुक्त ब्रायन अँडरसन यांनी फिलिप मूरच्या नागरिकत्वाचा कागद शोधून काढला. तिथून फिलिपचे कुटुंब, जनगणनेतली त्याच्या मुलीची नोंद आणि शेवटी हयात नातेवाईक अशी साखळी जुळली. त्या घरात ॲनीची आठवण होती. आपली एक आत्या-आजी एलिस बेटावर पहिली उतरली, हे त्यांना माहीत होते. त्यांच्याकडे कधी कोणी विचारायला गेले नव्हते, एवढेच.

खरी ॲनी टेक्सासच्या वाटेलाही गेली नव्हती. आगबोटीतून उतरून ती मॅनहॅटनच्या ज्या खालच्या पूर्व भागात आली, तिथल्याच काही गल्ल्यांत तिने उरलेले सगळे आयुष्य काढले. १८९५ मध्ये सेंट जेम्स चर्चमध्ये तिचे लग्न जोसेफ ऑगस्टस शायर याच्याशी झाले. तो जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, फुल्टन मासळी बाजारात कामाला. तिला किमान अकरा मुले झाली. त्यातली पाच मोठी झाली. ६ डिसेंबर १९२४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, हृदय बंद पडून ती वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिला पुरले. ऑगस्ट २००६ मध्ये ते थडगे ओळखले गेले तेव्हा त्यावर शिळा नव्हती, नावही नव्हते. त्याच मातीत तिची सहा मुले होती.

कॅल्व्हरीची वही

कॅल्व्हरी म्हणजे काय, हे समजल्याशिवाय न्यूयॉर्कच्या आयरिश माणसांचा मृत्यू समजत नाही. १८४७ मध्ये राज्याने ग्रामीण दफनभूमींचा कायदा केला. मॅनहॅटनमधली चर्चची आवारे भरून वाहत होती आणि त्याच सुमारास बटाट्याच्या दुष्काळातून जीव वाचवून आलेली आयरिश माणसे बोटींतून उतरत होती, टायफस आणि पटकीने मरत होती. सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या विश्वस्तांनी नदीपलीकडे न्यूटाउन खाडीच्या काठी शेतजमीन घेतली होती. १८४८ मध्ये तिथे पहिले दफन झाले. त्या काळी शवपेटी आणि आप्त फेरीबोटीने नदी ओलांडून जात. पहिला भाग दोन दशकांत भरला, मग पूर्वेला दुसरा, तिसरा, चौथा भाग जोडला गेला. आज तिथे सुमारे तीस लाख माणसे पुरलेली आहेत. अमेरिकेतल्या कोणत्याही दफनभूमीत एवढी नाहीत. मॅनहॅटनच्या अकराव्या रस्त्यावर कॅथलिकांची एक जुनी दफनभूमी होती. १९०९ मध्ये ती मोकळी करून तिथले अवशेषही कॅल्व्हरीतच हलवले गेले. त्यामुळे १८४८ च्या आधी वारलेल्या पूर्वजाचा शेवटही कधी कधी इथेच लागतो.

एवढ्या गर्दीत शिळा वाचत फिरून माणूस सापडत नाही. शिळा ज्यांना परवडली त्यांच्याच आहेत. गोदीत ओझी वाहणारा हमाल, धुणीभांडी करणारी बाई, अकरा लेकरांची आई यांच्या घरात दफनाची जागा विकत घेईपर्यंतच पैसे संपत. शिळा पुढे कधीतरी बसवू, असे म्हणायचे आणि तो दिवस यायचा नाही. शिळा नाही म्हणजे बेवारस, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ज्यांचे कोणी नव्हते, ज्यांच्या दफनाचे पैसे भरायला कोणी पुढे आले नाही, ते १८६९ नंतर न्यूयॉर्कच्याच हार्ट बेटावरच्या सरकारी चरांत गेले. कॅल्व्हरीत जागा मिळाली याचा अर्थ कोणीतरी पैसे भरले, पाद्री आला, घरच्यांनी आपल्या माणसांजवळ जागा मागितली. आणि त्याची नोंद झाली.

ही नोंद दफनभूमीच्या कार्यालयात असते. दफन झालेल्याचे नाव, तारीख, विभाग, रांग, जागा आणि थडग्याचा क्रमांक. एका थडग्यात एकावर एक अशा अनेक पेट्या ठेवल्या जात, त्यामुळे क्रमांक मिळाला की पुढचा प्रश्न विचारता येतो: याच थडग्यात आणखी कोण कोण आहे? माझ्या मते संपूर्ण आयरिश-अमेरिकन वंशशोधात याहून मोलाचा प्रश्न नाही. उत्तरात येणारी नावे बहुधा कुठल्याच वंशावळीत नसतात. दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून गेलेले बाळ, विधवा झाल्यावर माहेरच्या जागेत पुरलेली बहीण, आयर्लंडहून येऊन वर्षभरात क्षयाने गेलेला चुलतभाऊ. एकच जागा मिळून घेणारी माणसे परकी नसतात. आडनाव वेगळे दिसले तर ते बहुतेक लेकीचे किंवा आईच्या माहेरचे निघते, आणि तिथून बंद पडलेली वाट पुन्हा उघडते.

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला उपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातचे अक्षर दिसते आणि घरात कोणी कधी न उच्चारलेले भाऊबंद एका पानावर भेटतात. कॅल्व्हरीच्या नोंदीचे काम तसेच आहे. फरक इतकाच की तिथे जाताना नावाबरोबर मृत्यूची तारीखही हातात असावी लागते. नुसते ‘मर्फी’ किंवा ‘मूर’ सांगून तीस लाखांतून कोणी माणूस काढून देणार नाही.

तारीख कुठून आणायची? शहराच्या मृत्यूच्या दाखल्यातून. जुन्या न्यूयॉर्कचा दाखला मोठा बोलका आहे. त्यात वय, जन्मदेश, अमेरिकेत किती वर्षे, शहरात किती वर्षे, वडिलांचे नाव, आईचे नाव, दोघांचे जन्मस्थान, मृत्यूचे कारण आणि तळाशी दफनाची जागा व तारीख असते. २०२२ मध्ये शहराच्या अभिलेखागाराने जुन्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या दाखल्यांच्या लाखो प्रतिमा महाजालावर मोफत खुल्या केल्या, त्यामुळे हे काम आता पुण्यात किंवा कॉर्कमध्ये बसूनही होते. दाखल्यावर ‘कॅल्व्हरी’ दिसले की कार्यालयाकडे जायचे. ‘होली क्रॉस’ दिसले की ब्रुकलिनमधल्या त्या नावाच्या दफनभूमीकडे.

मृत्यूच्या दाखल्यावरची माहिती वाचताना मात्र एक भान ठेवायला हवे. ती मेलेल्या माणसाने दिलेली नसते. रडून दमलेला नवरा, गोंधळलेली मुलगी, कधी शेजारी. मृत्यूची तारीख, दफनाची जागा, राहण्याचा पत्ता हे त्या वेळचे असल्याने बहुधा पक्के असते. आईचे माहेरचे नाव आणि जन्मवर्ष मात्र ऐकीव. शायर हे आडनावही कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले असणार, हे धरूनच शोध घ्यायचा.

अकरा आणि पाच

सहा मुलांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. अमेरिकेच्या १९०० आणि १९१० च्या जनगणनेत प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारले गेले: किती मुले झाली, आणि आज किती हयात आहेत. मॅनहॅटनच्या त्या भागातली पाने वाचताना हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले की जीव दडपतो. नऊ आणि चार. सात आणि तीन. दोन आकड्यांतली तफावत म्हणजे दफनभूमीत शोधायची थडगी. त्या मुलांची नावे जनगणनेत कधीच येत नाहीत, कारण गणना करणारा दारात येण्याआधीच ती गेलेली असतात. १८९० ची गणना तर १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत जवळजवळ सगळी गेली, म्हणून १८८० ते १९०० या वीस वर्षांत जन्मून मेलेले आयरिश मूल कागदावर शोधायचे तर मुख्यतः ही ठिकाणे उरतात: चर्चमधला बाप्तिस्मा, शहराचे जन्ममृत्यूचे दाखले आणि दफनाची वही.

ॲनीच्या थडग्याने ही तफावत स्वतःच भरून काढली. अकरा जन्मली, पाच मोठी झाली आणि सहा आईजवळ. सोन्याचे नाणे मिळालेल्या मुलीची अमेरिका ही होती. टेक्सासच्या कथेत मोकळे रान होते, नामवंत घराणे होते, नाट्यमय मृत्यू होता. म्हणूनच ती कथा लोकांना आवडली असावी. खऱ्या ॲनीच्या वाट्याला कोंदट इमारती आणि लेकरांची मरणे आली. एलिस बेटातून गेलेल्या बहुतेकांचे आयुष्य तिच्याच आयुष्यासारखे होते. त्यामुळे पहिली म्हणून तीच शोभते असे मला वाटते, टेक्सासच्या कथेपेक्षा कितीतरी जास्त.

कॉर्कपर्यंत मागे

थडगे सापडले म्हणजे अमेरिकेतली बाजू झाली. समुद्रापलीकडे जाण्यासाठी दोन गोष्टी पक्क्या लागतात: आईवडिलांची नावे आणि निदान परगणा. ॲनीच्या बाबतीत दोन्ही होत्या. वडील मॅथ्यू, आई ज्युलिया, गाव कॉर्क. तिची जन्मतारीख २४ एप्रिल १८७४. म्हणजे एलिस बेटावर पाऊल ठेवले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पंधरावा वाढदिवस ही वर्तमानपत्रांची सजावट.

१८७४ हे साल शोधणाऱ्याच्या भाग्याचे. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्याआधीच्या कॅथलिक माणसासाठी पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वह्यांवरच विसंबावे लागते. या वह्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुल्या केल्या, पण आधी पॅरिश कोणती हे ठाऊक पाहिजे. जनगणनेचा आधार घ्यावा तर तोही तुटका. १८२१ ते १८५१ च्या गणना १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत गेल्या आणि पुढच्या चार सरकारनेच नष्ट केल्या. अखंड उरलेल्यांतल्या सगळ्यात जुन्या त्या १९०१ आणि १९११ च्या. दुष्काळात देश सोडलेल्या माणसाला त्यांचा काय उपयोग?

अशा माणसांच्या बाबतीत अमेरिकेतली शिळा अचानक मोलाची होते. दुष्काळाच्या पिढीतल्या लोकांनी परवडेल तेव्हा शिळेवर नावाखाली परगणा आणि पॅरिशही कोरून घेतले. मायदेशी ज्याचा एकही कागद उरला नाही, त्याचे गाव क्वीन्समधल्या दगडावर वाचायला मिळते. म्हणून १८६४ च्या आधी जन्मलेला पूर्वज असेल तर मी शिळेचा फोटो आधी मागेन, आणि ॲनीच्या पिढीचा असेल तर वहीचा उतारा. दोन्ही मिळाले तर उत्तमच, पण वेळ आणि पैसा मर्यादित असतो तेव्हा हा क्रम कामाला येतो.

बोटीच्या यादीबद्दलही एक गैरसमज आहे. १५ जून १८९७ रोजी मध्यरात्रीनंतर एलिस बेटावरची लाकडी इमारत जळाली, त्यात १८५५ पासूनची स्थलांतरितांची दफ्तरे गेली. ‘आमचे पूर्वज त्याआधीचे, म्हणजे कागद जळाले’ असे म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. पण प्रवाशांच्या याद्या सीमाशुल्क खात्याकडे वेगळ्या गेलेल्या होत्या आणि त्या टिकल्या. ‘नेवाडा’ची यादीही टिकली, म्हणून मूर भावंडे आजही त्यात वाचता येतात. फक्त या जुन्या याद्या त्रोटक आहेत. कोणाकडे निघालात हा प्रश्न १८९३ पासून आला, आणि मागे कोण आहे हा १९०७ पासून. यादी एवढेच सांगते की या नावाची तीन मुले या बोटीत होती. ती कोणाची, पुढे कोण झाली, हे सांगण्याचे बळ त्या ओळीत नाही. टेक्सासची चूक तिथेच झाली: यादीतले एक नाव आणि दुसऱ्याच राज्यातले तेच नाव एकत्र बांधले गेले, मधली एकही कडी न तपासता.

११ ऑक्टोबर २००८ रोजी कॅल्व्हरीत ॲनीच्या थडग्यावर शिळा बसली. आयर्लंडहून आणलेल्या निळसर चुनखडीचा केल्टिक क्रूस. वंशज जमले होते, ज्यांना दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांची ओळखही नव्हती. ती शिळा बसवणे योग्यच झाले. पण शिळा आली ती शोध संपल्यावर. थडगे दाखवून देणारा कागद त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे दफ्तरात पडून होता आणि तो मागण्यासाठी एवढेच कळायला हवे होते की ॲनी मूर मेली तेव्हा तिचे आडनाव शायर होते.

टेक्सासच्या ॲनीचे काम मात्र राहिले आहे. तिच्यावर दुसरीचे आयुष्य चिकटवले गेले आणि ते काढून घेतल्यावर तिच्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. तिचे आईवडील कोण, ते इलिनॉयला केव्हा आले, आयर्लंडच्या कोणत्या परगण्यातून? तिची नोंद इलिनॉयकडे बोट दाखवते, तेव्हा शोध तिथल्या कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्मा-वह्यांपासून आणि आईवडिलांच्या दफन-नोंदींपासून सुरू व्हायला हवा. तिच्या नातवंडांनाही आपली खरी आजी मिळायला हवी.